जनतेचा पियानो

“पियानो जनतेचा आहे!” ही घोषणा माझी. ती लिहिताना जनता म्हणजे कोण, याचा मी फारसा विचार केला नव्हता. जनता म्हणजे मी आणि आमच्या बाई, अशी माझी ढोबळ समजूत होती. जनतेला हे कुणीतरी आधी कळवायला हवं होतं.

मी बडोद्यात, समाला राहते. वडील वाघोडियाच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार कुणा काकांनी कधीच विकून टाकली, आवाज मात्र घरात सगळ्यांना वाटून आला. माझ्या वाट्याला जरा जास्तच आला. कॉलेजात मी पत्रकं काढायला लागले. कँटीनच्या पाण्यावर काढलं, रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांवर काढलं, विश्वामित्री नदीतल्या मगरींच्या बाजूने एक काढलं. मगरींनी ते वाचल्याचं ऐकिवात नाही. पत्रक लिहिण्याची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत अन्याय करणारा, तिसरीत मागणी, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. ही शिस्त माझ्या अंगात इतकी भिनली, की भाजीत मीठ कमी आहे हे आईला सांगतानासुद्धा मी “गेले कित्येक दिवस या घरात” अशी सुरुवात करायचे.

“अगं, बरणी समोर आहे,” आई म्हणायची. “घे आणि घाल. मोर्चा कशाला काढतेस?”

अशा मुलीने पियानोच्या वाटेला जाऊ नये. पण लहानपणी वाढदिवसाला मिळालेल्या कीबोर्डावर मी बरं वाजवायचे, म्हणजे मोठ्यानं वाजवायचे, आणि घरच्यांना त्यातला फरक कळत नव्हता. वासण्याला एक बाई पियानो शिकवतात असं कुणीतरी सांगितलं. मी गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझा हात पट्ट्यांवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

“तू वाजवत नाहीस, घोषणा देतेस. हा भाग हळू आहे. वर लिहिलंय बघ, हळू.”

“मला हळू जमत नाही, बाई.”

“हो, खालच्या मजल्यावरून निरोप आलाय तसा.”

बाईंबद्दल सांगायचं तर त्यांच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागते. ते संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यामुळे घरात सकाळी अथर्वशीर्ष आणि संध्याकाळी परदेशी चाली, असा प्रकार होता, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बाई पियानो शिकायला मुंबईला गेल्या, तिथून शिष्यवृत्तीवर परदेशी गेल्या, मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवून आल्या. लांब काळा गाऊन घातलेला त्यांचा एक फोटो मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पाहिला आहे. मग आई आजारी पडली म्हणून परतल्या आणि इथेच राहिल्या. पुढची सगळी वर्षं शिकवण्यात गेली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींपैकी निम्मी आता परदेशात सॉफ्टवेअर लिहितात. मला हे सगळं भयंकर अन्यायाचं वाटायचं. मी त्यांच्यावर एक पानभर मजकूर लिहून नेला, “उपेक्षित कलावंत” अशा मथळ्याचा. बाईंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि ओळीमागून ओळ खोडत गेल्या. शेवटी पानावर तीन शब्द उरले: वाजवते आणि शिकवते.

“बाकीचं खोटं आहे का?” मी चिडून विचारलं.

“खोटं नाही. आगाऊ आहे.”

बाईंच्या घरी भिंतीला टेकवलेला छोटा पियानो होता, मुलांना शिकवायला पुरेसा. पण मोठ्या कार्यक्रमाचा सराव त्यावर होत नसे. खर्जातल्या सुरांना दमच नव्हता. मोठा पियानो शहरात, आम्हाला ठाऊक असलेला, एकच होता. तो जुन्या मराठी वस्तीतल्या एका संस्थेच्या सभागृहात, मंचाच्या कोपऱ्यात, हिरव्या खोळीखाली उभा होता. त्यावर सत्कारांच्या शाली आणि नारळ ठेवत. एकदा मी स्वतः त्यावर वाफाळता बटाटेवड्यांचा ट्रे पाहिला आहे आणि त्या दिवशी मी जेवले नाही. (वडा खाल्ला. जेवले नाही.)

संस्थेचे सेक्रेटरी निवृत्त बँकवाले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. अर्ज करा, समितीपुढे ठेवू, बघू, असं ते सगळ्यांना सांगत. पण बाईंसाठी त्यांनी एक सोय केली होती. दुपारी सभागृह रिकामं असे, तेव्हा शिपाई मागचं दार उघडून देई. बाई दोन-तीन तास वाजवत. मी बरोबर जायचे, ऐकायचे, कधी माझा धडा व्हायचा. अट एकच होती, बोभाटा नको.

त्या वर्षी बाई एक पूर्ण कार्यक्रम बसवत होत्या. तीन रचना, मध्ये एक मोठी सोनाटा. तिकीट नाही, निमंत्रण नाही. त्याच सभागृहात एका दुपारी आम्हा आठ-दहा शिष्यांपुढे एकदा सगळं सलग वाजवायचं, बस. कारण त्यांच्या बोटांचे सांधे. सकाळी चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की येती थंडी या बोटांना मानवेल असं नाही. बाई मला म्हणाल्या होत्या, “थंडीच्या आत एकदा अथपासून इतिपर्यंत वाजवायचंय. मग बोटांनी काय करायचं ते करावं.”

बाईंना एवढंच हवं होतं. ते मिळायच्या बेतात होतं. तेवढ्यात मला न्याय सुचला.

म्हणजे झालं असं, की एका दुपारी आम्ही मागच्या दाराने शिरत होतो. तिथे मांडववाल्याच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाईंची साडी खिळ्यात अडकून जरा फाटली. बाईंनी पदर सोडवला आणि आत गेल्या. मी मात्र तिथेच पेटले. परदेशात वाद्यवृंदांसमोर वाजवलेल्या बाई, आणि त्यांनी मागच्या दाराने, चोरासारखं यायचं?

“मागचं दार उघडतं ना? मला पुरे आहे,” बाई म्हणाल्या.

“प्रश्न दाराचा नाही बाई, तत्त्वाचा आहे.”

“तत्त्वाला शिवून देता येतं का? मग ही साडी घेऊन जा त्याच्याकडे.”

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. “पियानो जनतेचा आहे!” खाली मागण्या: पुढचं दार उघडा, रोज उघडा, सर्वांना उघडा. आणि पत्रकशास्त्रात आपल्याला गती आहे म्हणून एक कलम मी फारच बारकाईनं घातलं: पियानोवर कुणाचाही विशेष हक्क नसावा, कुणासाठीही तो राखून ठेवू नये. हे कलम मी संस्थेच्या विश्वस्तांच्या नातवंडांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. मराठीत एक बाजू, गुजरातीत दुसरी. झेरॉक्स काढून मी दांडिया बाजारात वाटलं, समाच्या सोसायट्यांत टाकलं, फोनवरून पाठवलं. बडोद्यात असा पियानो आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लोक खूश झाले. एका स्थानिक वर्तमानपत्राने बटाटेवड्यांचं प्रकरण छापलं. संस्था घाबरली.

काकांनी मला बोलावलं. समोर सगळी समिती बसली होती. मी उत्तरांची तयारी करून गेले होते, पण कुणी प्रश्नच विचारला नाही.

“तुमची मागणी मान्य,” काका म्हणाले. “शब्दशः मान्य. रोज दुपारी पुढचं दार उघडणार. टोकन देणार, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. राखीव कुणाला नाही. मागचं दार आता बंद, नाहीतर तुम्हीच पुन्हा पत्रक काढाल. आणि देखरेखीला माणूस लागेल, तर बेन, तुम्हीच बसा ने! तुमचा पियानो आहे.”

“जनतेचा,” मी म्हटलं.

“हां, हां. तिचाच.”

मी विजयी होऊन घरी आले. आईने गोड केलं. बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “टोकन किती वाजता मिळतं?”

जनता आली. मी आयुष्यभर तिला हाका मारत होते, पण ती अशी अंगावर कधी आली नव्हती. कुणी तान्ही बाळं पट्ट्यांवर बसवून फोटो काढले. इंजिनियरिंगची पोरं एकच सिनेमाचं गाणं आळीपाळीने वाजवायची आणि सगळी एकाच जागी अडायची. गरब्याच्या मंडळवाल्यांनी नवरात्रासाठी पियानो टेंपोत घालून नेता येईल का, अशी चौकशी केली. आणि एक रिटायर्ड गुजराती दादा रोज, अगदी रोज, पांढरा सदरा घालून यायचे आणि एका बोटाने एकच भजन वाजवायचे. त्यांचं बोट एका सुरावर पोचलं की पुढचा सूर शोधायला निघायचं, आणि त्या शोधाला मी साक्षी असायचे. मी स्टुलावर बसून टोकनं फाडायचे. “ओली बाटली वर ठेवू नका, काकी.” “चप्पल पेडलवर नाही, भाई.” दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: विनाकारण हात लावू नये. पाटी टांगायला शिपाई आला. त्याने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि खिळा ठोकला.

बाई रांगेत उभ्या राहायच्या. दादांच्या मागे, पोरांच्या पुढे, हातात टोकन. पाळी आली की बसायच्या, हात चोळायच्या आणि सोनाटाच्या संथ भागातल्या चार ओळी घ्यायच्या. त्या चार ओळींत त्यांची पंधरा मिनिटं जायची. एकदा मागून एक बाई म्हणाली, “माजी, कंईक ओळखाय एवुं वगाडो ने!” ओळखीचं काहीतरी वाजवा म्हणत होती. बाईंनी मान वळवून हसून सांगितलं, “रोज या, म्हणजे ओळखीचं होईल.” ती पुन्हा आली नाही. दादा मात्र आपली पाळी झाल्यावर थांबायला लागले.

पंधरा-पंधरा मिनिटांत सराव होतो, असं बाई म्हणत. पण कार्यक्रम होत नाही. सगळं सलग वाजवायला सव्वा तास लागणार होता. मी काकांकडे गेले. एक दुपार, फक्त एक दुपार बाईंना द्या.

काकांनी टेबलाच्या काचेखालून माझं पत्रक काढलं. त्यांनी ते काचेखाली ठेवलं होतं! “राखून ठेवू नये. कुणासाठीही. तुमचंच कलम ने?”

मग मी काय केलं असेल? पत्रक काढलं. “कलावंताला अग्रक्रम द्या!” ते रांगेत वाटताना इंजिनियरिंगच्या एका पोराने फोनवर माझं आधीचं पत्रक उघडून मोठ्याने वाचलं, आणि विचारलं, “ताई, यातलं कुठलं धरायचं?” मी म्हटलं, परिस्थितीचं विश्लेषण बदललं आहे. तो म्हणाला, “ओके, पण माझं टोकन?” मी टोकन फाडून दिलं.

बाईंनी ते दुसरं पत्रक वाचलं आणि चष्म्याची काच पुसायला घेतली. “झालं का तुझं?” त्या म्हणाल्या. “आता माझ्यासाठी लढू नकोस, फार त्रास होतो. दसऱ्याला सकाळी साडी नेसून सभागृहात ये. पानं उलटायची आहेत.”

“दसऱ्याला पियानो बंद असतो, बाई. पूजा असते.”

“म्हणूनच.”

दसऱ्याला संस्थेत सगळ्या वाद्यांची पूजा होते. तबले, पेट्या, एक जुना तंबोरा आणि हल्ली पियानो. त्या दिवशी वाद्याला विश्रांती, म्हणून टोकनही नाही. या पूजेवर माझं ठाम मत होतं आणि ते मी काकांना दोनदा ऐकवलं होतं. यंत्राला हळदकुंकू कशाला, वगैरे. तरी मी गेले. आईची नारायणपेठी, इतक्या पिना लावून नेसवलेली, की मला वाकता येत नव्हतं. आई म्हणाली, “तुझी क्रांती जरा ताठ उभी राहील आज.”

सभागृहात समिती, त्यांच्या सौभाग्यवती, दहा-बारा मंडळी होती. दादाही होते, दार उघडं दिसलं म्हणून टोकनासाठी आले आणि पूजा आहे म्हटल्यावर पादत्राणं काढून बसले. मागच्या टेबलावर फाफडा-जिलेबीच्या पुड्या येऊन पडल्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी त्या मिळवायला अख्खं बडोदं रांगेत असतं. काकांनी पहाटे मुलाला उभं केलं होतं. वास सुटला होता. पियानोला झेंडूची माळ होती. कुणीतरी अक्षता पट्ट्यांवर टाकायला हात उचलला तेव्हा बाईंनी पटकन झाकण लावलं. “वरून टाका. आत तांदूळ गेले तर देवी काढायला येणार नाही.”

पूजा झाली. काकांनी आरतीचं ताट उचललं. तेवढ्यात बाई उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “आमच्या घरी पूजेनंतर आरतीच्या आधी वाद्यावर हजेरी लावायची पद्धत आहे. आजोबा क्लॅरिनेटवर लावायचे. देवीपुढे मी लावू का?”

काका या पद्धतीत वाढलेले. त्यांच्या आजोबांनी बाईंच्या आजोबांची हजेरी ऐकलेली असणार. देवीपुढच्या हजेरीला कोण नाही म्हणणार? “अरे, लावा ने, लावा,” ते ताट खाली ठेवत म्हणाले. “पाच मिनिटं.”

“देवीपुढे वेळ कसली?” बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि बसल्या.

मी शेजारी उभी राहिले. स्वरलिपीच्या पुस्तकातली पहिली रचना उघडली. तेव्हा कुठे मला कळलं की बाईंनी तिन्ही आणल्या आहेत.

पहिली रचना संपली तेव्हा कुणाला वाटलं, झालं. एका काकूंनी टाळ्यांसाठी हात उचलले. बाईंनी मान न वळवता मला खूण केली, मी पान उलटलं, काकूंचे हात हवेतच राहिले आणि मग नमस्कारात मिटले. सोनाटा सुरू झाली. हजेरी चालू असताना देवीसमोरून उठायचं नसतं. उठला तर तो माणूस सगळ्या बडोद्यात प्रसिद्ध होणार. जिलेबी गार होत होती. काकांचं लक्ष तिकडे दोनदा गेलेलं मी पाहिलं. समितीतल्या एकाने हळूच ताम्हनाकडे हात नेला, काकांनीच त्याचं मनगट धरलं आणि कुजबुजले, “हजेरी चालू आहे.”

संथ भाग आला. रांगेत चार-चार ओळींनी ऐकलेला तो भाग मी पहिल्यांदा सलग ऐकत होते. मला लाज वाटली नाही, रडू आलं नाही. मला भीती वाटत होती. बाईंच्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलेलं होतं आणि त्या बोटाला तिथे सारखं काम होतं. मी मनातल्या मनात त्या बोटाला घोषणा देत होते. या नादात एक पान मी लवकर उलटलं. बाईंनी उजव्या हाताने वाजवत डाव्या हाताने ते परत मागे घेतलं, आणि सूर कुठे तुटला म्हणाल तर तुटला नाही. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. दादा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं ते एक बोट गुडघ्यावर चालत होतं, या वेळी न शोधता.

शेवटची रचना वेगाची. ती संपली तेव्हा बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि काकांना म्हणाल्या, “आता आरती करा.”

काकांनी आरती केली. आवाज जरा बसलेला होता. मी ताट धरलं. हो, मी. तत्त्वाला त्या दिवशी सुटी होती आणि पिनांमुळे मला तसंही हलता येत नव्हतं.

आरतीनंतर सोनं वाटलं. लोक आपट्याची पानं घेऊन बाईंपुढे आले, तेव्हा बाईंनी मुठी उघडायचा प्रयत्न केला आणि त्या उघडेनात. बोटं आत वळून तशीच राहिली होती. त्यांनी पदर पसरला. “इथे टाका. हात आज कामातून गेलेत.” सगळ्यांनी पदरात सोनं टाकलं. दादांनी पानं टाकली, नमस्कार केला आणि म्हणाले, “बेन, आजे आखुं सांभळ्युं.” आज सगळं ऐकलं. काकांनी फाफड्याची पुडी स्वतः आणून दिली. गार, पण पुडी. उद्यापासून बाईंना मागचं दार उघडून देऊ का, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, त्यांनाच विचारा, मी आता मागण्या करत नाही. बाई म्हणाल्या, “नको. मला आता गरज नाही.”

रिक्षात वासण्यापर्यंत मीच बोलत होते. किती मोठी गोष्ट झाली, कुणी छापायला हवं, मी लिहू का, एकच पान. बाईंचे हात पदरात, आपट्याच्या पानांवर, वळलेले तसेच पडले होते. जिलेबी मी त्यांना तोडून भरवत होते.

“सोनाटात एका जागी चुकीचा सूर लागला,” त्या जिलेबी खात म्हणाल्या. “सांग कुठे?”

मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं सगळं बरोबर झालं.

“संथ भागात, तू पान उलटलंस त्याच्या पुढच्या ओळीत. तुला ऐकू नाही आलं?”

“नाही, बाई.”

“मग लिहितेस कसलं? मंगळवारी ये. संथ भागापासून सुरू करू. तू वाजव, मी नुसती बसेन.”